मावशी, जरा बाजूला

निवृत्ती सायखेड्याहून पहिल्या एस.टी.ने आला आणि दारातूनच म्हणाला, "भाऊसाहेब, आई गेली. आठ दिवस झाले. परवा दहावा हाय. तिचा एक फोटो द्या."

जयराम पगारेनं हातातला चहाचा कप खाली ठेवला. आठवडाभर तो नाशकातल्या एका कचेरीत कारकुनी करी, पण रविवार त्याचा स्वतःचा होता. सहा वर्षं दर रविवारी कॅमेरा गळ्यात अडकवून तो निवृत्तीच्या गोदाकाठच्या शेतात जाऊन बसे. श्रावण-भाद्रपदात बांधावरची फुलं, थंडीत नदीवर उतरणारी बदकं, उन्हाळ्यात टिटवीची अंडी. "ह्यांना माणसांचं वावडं आहे," असं त्याची बायको विमलाबाई म्हणे, आणि ते काही अगदीच खोटं नव्हतं.

"माझ्याकडे कुठला त्यांचा फोटो?"

"असं कसं? सहा वर्सं आमच्याच रानात फोटू काढता. ती तिथंच तर निंदायला असायची. एखाद्यात तरी आली असंल. तिचा एक बी फोटो नाय घरात. हार कशाला घालू?"

जयरामने तिन्ही अल्बम त्याच्यापुढे ठेवले. निवृत्ती खाली बसून एकेक पान सावकाश उलटू लागला. खंड्या. वंचक बगळा. पाण्यात मान खुपसलेली बदकं. तोच बांध हिरवा, तोच बांध वाळलेला. बाभळी, नदी, आभाळ. निवृत्तीची आई, धोंडाबाई, कुठेच नव्हती.

ती का नव्हती, ते जयरामला पक्कं ठाऊक होतं. कॅमेरा डोळ्याला लावला की म्हातारी नेमकी खुरपं घेऊन समोर यायची आणि तो म्हणायचा, "मावशी, जरा बाजूला व्हा." की ती बिचारी पदर सावरत लगबगीनं बाजूला. कधी कुरकुर नाही. सहा वर्षांत एक फोटो वाया गेला असता तर काय बिघडलं असतं? त्याला स्वतःची लाज वाटली.

"मीच त्यांना बाजूला करत होतो, निवृत्ती. दर वेळी."

निवृत्तीनं शेवटचं पान उलटलं. तिथे कळलावीचं फूल होतं, पाकळ्या वर उसळलेल्या. ते पाहून जयराम ताडकन उठला आणि निगेटिव्हांचा डबा धुंडाळू लागला.

ते फूल टिपलं त्या दिवशी वारा होता. फूल क्षणभर स्थिर राहीना आणि रोलात दोनच फोटो उरलेले. तेव्हा बाजूला केलेल्या म्हातारीला त्यानंच परत हाक मारली होती, "मावशी, देठ धरा बरं. हलू देऊ नका." फोटो छापताना मात्र खालचा भाग त्यानं कापून टाकला होता. रानफुलाच्या फोटोत माणसाचं बोट दिसू नये, हा त्याचा नियम.

विमलाबाईंनी न्हाणीघरातल्या बादल्या बाहेर काढल्या. जयरामने खिडकीवर घोंगडी टाकली, लाल दिवा लावला आणि निवृत्तीला आत घेतलं. दोघं पाटावर चिकटून बसले. या खेपेला जयरामने निगेटिव्ह जसंच्या तसं अख्खं छापलं आणि कागद फोटो धुण्याच्या औषधाच्या ताटलीत सोडला.

आधी फूल दिसू लागलं. मग त्याच्याखाली देठ, आणि देठाला धरलेली बोटं. मनगट, दोन काकणं. पुढे कागदच संपला होता.

"एवढंच आहे रे," जयराम म्हणाला. "चेहरा नाही."

निवृत्ती ताटलीवर वाकला. "करंगळी बघा. खुरप्यानं तुटता तुटता राहिली होती, मी पोटात होतो तवा. वाकडीच बसली." त्यानं उपरण्यानं डोळे पुसले. "आईच हाय. तोंड काय, आमच्या ध्यानात हाय."

जयरामला जरा हायसं वाटलं. चुकीची थोडी तरी भरपाई झाली होती, आणि आता ती नीट करायची म्हणून तो म्हणाला, "पण असाच नको नेऊ. कळलावी घरात ठेवत नाहीत ना तुमच्यात? भांडणं लागतात म्हणतात. मी फूल कापून टाकतो, नुसता हात मोठा करून देतो."

निवृत्तीनं त्या ओल्या कागदावर हात आडवा धरला.

"राहू द्या फूल," तो म्हणाला. "घरात आम्ही दोघंच होतो. आता भांडायला हाय कोण?"