पाठमोरे बापूजी

बापूजींच्या तेरवीला हार घालायला फोटो पाहिजे होता. आयुष्यभर त्यांनी कुणाला फोटो काढू दिला नव्हता. होते ते द्वारकेच्या समुद्रावर सुनेनं पहिल्यांदाच कॅमेरा धरून काढलेले, आजच पांढुर्ण्याच्या स्टुडिओतून धुऊन आलेले. "काय काढलं हे?" नवरा गजानन एकेक फोटो पाटावर टाकत ओरडला. "सगळ्यांत पाठच! कॅमेरा देला हाती त् तोंड नाही दिसलं तुले?" प्रत्येक फोटोत बापूजी धोतर वर धरून लाटांकडे पाहून राहिले होते. तिची मान वर होईना. "मामंजींच्या समोर उभं राहायचं नाही," ती पुटपुटली, "आईंनीच सांगितलं होतं."  सासूबाईंनी एक फोटो उचलून पदरानं पुसला. "चूक तिची नाही, गजानन. हाच लाव." सून मात्र हादरली. इतकी वर्षं ज्यांना खालमानेनं जेवायला वाढलं, त्यांचा चेहरा तिलाही आठवत नव्हता.