अम्मीच्या शेजारी

अमिरातीतल्या अल ऐनमधल्या आमच्या घरापासून ओमानच्या बुरैमीत चालत जाता यायचं. मध्ये सरहद्द आहे हे कुणाच्या ध्यानातही नसे, म्हणून अम्मीला तिकडेच दफन केलं. पुढे सहा आखाती देश व्यापारासाठी एक झाले, आपसातली जकात गेली, आणि त्याच सुमारास आमच्या गल्लीपुढे तारेचं कुंपण आलं.

अब्बा गेले. त्यांना अम्मीच्या शेजारी जागा हवी होती.

नाक्यावरचा शिपाई नरमाईने म्हणाला, "बहन, सहा देशांचे लोक कार्डावर जातात. माल मोकळा जातो. तुम्ही इंडियन, तुम्हाला व्हिसा लागेल. मय्यतलाही कागद लागतात."

"टोमॅटोला नको, माझ्या भावाला हवा," हनीफचाचा म्हणाले. "वा रे एकी. खलास, यम्ना. इथेच दफन करू."

"इथेच करू," मी म्हटलं, आणि बुरैमीहून रोज भाजी आणणाऱ्या समाधानला फोन लावला.

 

असरच्या नमाजनंतर अब्बांच्या कबरीत सगळ्यांनी तीन-तीन मुठी माती टाकली. ती टोमॅटोच्या ट्रकमधून, अम्मीच्या कबरीशेजारून आली होती.