केमोचा हिरवा ठिपका

"एकच बरोबरची खूण," काद्दी म्हणाली. "सतरा दिवस झाले बाई, उस्मानला किती निरोप पाठवले, एकाच्याही दोन खुणा होत नाहीत."

"तुझं व्हॉट्सॲप म्हणजे नुसतं रडगाणं," न्यीमा म्हणाली. "त्याला पोराचाच फोन चालू लागतो. मेसेंजरचं तसं नाही. माणूस कुणाच्याही फोनवरून आला तरी ते ठिपका दाखवतं."

न्यीमाला अक्षरओळख नव्हती. पण कुठल्या ॲपवर काय दिसलं की माणूस जिवंत, हे गांबियाच्या किनाऱ्यावरच्या त्या गुंजूर गावात तिच्याइतकं आता कुणाला कळत नव्हतं. सतरा दिवसांपूर्वी एकतीस पोरं आयांना न सांगता होडीत बसून स्पेनकडे गेली. एकतिसांपैकी ठिपका लागायचा तो फक्त तिच्या केमोचा. रोज दुपार कलल्यावर, असरच्या नमाजनंतर, पाच-दहा मिनिटं. उत्तर नाही, पण ठिपका लागायचा. म्हणून बाकीच्या आया रोज तिच्याच पडवीत येऊन बसत. केमो आहे म्हणजे होडी आहे, होडी आहे म्हणजे आपला आहे.

आज इमामसाहेबही आले होते. हातात एकतीस नावांचा कागद. शुक्रवारी मयताची नमाज पढायची, असं गावच्या म्हाताऱ्यांनी ठरवलं होतं. आयांनी हो म्हणायचं बाकी होतं.

"बायांनो, होडीला फार तर दहा दिवस लागतात," ते म्हणाले. "आता आणखी किती दिवस समुद्राला विचारत बसायचं?"

"माझ्या केमोचं नाव खोडा," न्यीमा म्हणाली. "त्याचं खोडलंत की सगळ्यांचीच खोडावी लागतील. होडी एकच होती."

"ठिपका मला दाखव, मग खोडतो."

"दाखवते की. ही त्याची वेळच आहे. बसा."

आतल्या खोलीत केमोची बहीण सिरे चटईवर बसली होती. एरवी या वेळी ती मासे धुरावण्याच्या शेडवर असायची. आज इमामसाहेब येणार म्हणून लवकर घरी आली होती. ठिपक्याचं आईचं वेड तिने ऐकलं होतं. पण ती संध्याकाळी घरी येऊन बघायची तेव्हा ठिपका नसायचा. म्हातारीला भास होतात, असं तिने मनाशी धरलं होतं.

जाताना केमोने आपला पासवर्ड एकट्या तिला दिला होता. "माझ्या मैत्रिणींना अधूनमधून उत्तरं देत जा, नाहीतर गावभर बोंब करतील," म्हणाला होता. मैत्रिणींना तिने एक अक्षर लिहिलं नव्हतं. पण शेडवर सुट्टी झाली की ती रोज आपल्या फोनवर त्याचं मेसेंजर उघडायची. तिकडून कुणी काही लिहिलंय का बघायची आणि बंद करायची. आईचे निरोपही तिथे साठलेले असत. ते उघडायची तिची छाती नव्हती.

सवयीनं तिने आताही ते उघडलं.

"आला!" बाहेर न्यीमा किंचाळली. "लागला ठिपका! इमामसाहेब, बघा! आला माझा केमो!"

सिरेने हातातल्या फोनकडे पाहिलं. इतके दिवस ठिपका तिचाच लागत होता.

पडद्यापलीकडे आई फोन तोंडाशी धरून बोलत होती. "केमो, मी आहे रे. काही सांगू नकोस, नुसतं खोकलास तरी चालेल." मग तोच निरोप सिरेच्या हातात येऊन पडला, आईच्या फोटोसकट. बंद करायला गेलेलं बोट त्याच्यावरच टेकलं. निरोप उघडला.

बाहेर निरोपाखाली केमोचा इवलासा गोल फोटो उतरला.

"बघितला त्यानं! आताच बघितला!" बाया रडायला लागल्या, एकमेकींच्या गळ्यात पडल्या. इमामसाहेबांनी कितीतरी वेळ त्या फोटोकडे पाहिलं. मग कागदाची घडी केली आणि खिशात घातली. त्यांचेही डोळे भरले होते. त्यांचा नातू त्याच होडीत होता.

काद्दीने फोन ओढून घेतला. "केमो, बाळा, काद्दीकाकू बोलतेय. उस्मान आहे का रे तुझ्याजवळ? हो का नाही, एवढंच सांग. रागावणार नाही मी."

तोही निरोप सिरेच्या हातात आला. तिला ते सहन होईना. ती उठली, पडदा सारून बाहेर आली आणि आईसमोर उकिडवी बसली. तिने आपला फोन आईच्या मांडीवर उताणा ठेवला.

न्यीमाला वाचता येत नव्हतं. पण आपलं तोंड तिला ओळखता येत होतं. केमोनेच काढलेला तिचा फोटो, खाली तिचे सतरा दिवसांचे निरोप, एकाखाली एक, आणि सगळ्यात शेवटी काद्दीने आता पाठवलेला. सगळे पोरीच्या फोनमध्ये. ती बघत राहिली. एकदा सिरेच्या तोंडाकडे बघितलं. सिरेने मान खाली घातली.

"काय म्हणतो गं?" काद्दी विचारत होती. "लिहितोय का? उस्मानचं काही म्हणतो का?"

न्यीमाने ओढणीचं टोक ओढून मांडीवरचा फोन झाकला. मग तो झाकलेलाच सिरेच्या हातात दिला आणि तिच्या कानाशी वाकली.

"आत जा, पोरी. इतक्यात बंद करू नकोस. अजून थोडा वेळ असू दे त्याला."