रेयांशचं पान

दुबईत, अल कुसैसच्या फ्लॅटमध्ये रेयांशचं वर्षश्राद्ध होतं. बाल्कनीत ठेवलेल्या पानाला कावळा काही केल्या शिवेना आणि आत वाढलेल्या पानांवर मंडळी खोळंबलेली.

"तुझ्यामागे तुझ्या बायकोला, तनयाला जपू रे," प्रल्हादनं लेकाला हात जोडून सांगितलं. कावळा कठड्यावरून हलला नाही.

सुमेधा नवऱ्याच्या कानाशी लागली. "तनयाचा ओहायोहून मेसेज आलाय. पेनकिलर गोळ्यांच्या कंपन्यांकडून वसूल केलेल्या भरपाईतून तिथल्या सरकारनं व्यसनमुक्ती सेंटर काढलंय, आपला रेयांश राहायचा त्याच गावात. भिंतीवर त्याचा फोटो लावू का, विचारतायत."

"हळू बोल! इथे सगळ्यांना हार्ट अटॅक सांगितलाय आपण."

पानाकडे बघत सुमेधा आतपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "लावू हो बाळा तुझा फोटो. गोळ्यांच्या नशेनं गेलास, आता नाही लपवणार."

कावळा झेपावला आणि घास उचलून उडाला.

डोळे पुसत ती आत वळली. वाढलेली पानं तशीच होती. मंडळी दाराशी चपला घालत होती.