प्रभूतला भाऊ

"सूर्यभान भाऊ, भाजी वाढू?" सत्यभामेनं विचारलं, आणि सूर्यभानचा घास तोंडातच फिरला.

पुन्हा भाऊ! तेही भरल्या पंगतीत.

रविवारची उपासना आटोपली की अमरावतीच्या त्या लहानशा ख्रिस्ती मंडळीत प्रीतिभोजन असे. माणसं पंधरावीस, आणि बहुतेकांना स्वतःच्या घराचं दार बंद झालेलं. म्हणून सगळे एकमेकांना भाऊ नि बहीण म्हणत. बाप्तिस्मा घेतल्यावर सूर्यभानलाही सख्ख्या भावांनी वाळीत टाकलं होतं. त्यामुळे मंडळीतल्या कुणीही भाऊ म्हटलं की त्याला बरं वाटे. एक सत्यभामा सोडून.

माणसानं करायचं तरी काय? विलायतेला कापूस हवा झाला, भाव आभाळाला भिडले, आणि दर्यापूरहून अमरावतीपर्यंत कापसाच्या गाड्या हाकून सूर्यभाननं दोन खोल्यांचं कौलारू घर बांधलं. दारू सोडली. तिच्यासाठी काठाचं लुगडं आणलं, तर "भावानं धाडलं" म्हणत तिनं ते म्हाताऱ्या माणिकबाईला नेसवलं. या माणिकबाईच्याच खोलीत ती राहायची, आणि म्हातारी तिला घटकाभर एकटी सोडत नसे. कोंबडीसुद्धा पिलांना इतकं जपत नसेल.

बरं, तिला आपली ओळखदेख नको म्हणावं, तर तेही नाही. आत्ताच तिनं न विचारता त्याच्या ताटात मिठाचा जादा खडा ठेवला होता. त्याला अळणी चालत नाही, हे तिला बरोबर ठाऊक. मग घोडं अडतंय कुठं?

जेवणं होताच सूर्यभाननं उपदेशक खुशालरावांना गाठलं. खुशालराव नगरकडचे. इथं येऊन त्यांना महिनाच झाला होता.

"गुरुजी, सत्यभामेले माया घरी पाठवा. तुमी म्हनलं तं आयकन."

"घर मांडायचं म्हणतोस?"

सूर्यभाननं मान खाली घातली. "घर तयारच हाये जी. रिकामं खायले उठते."

खुशालरावांना हसू आलं. माणूस कष्टाळू, निर्व्यसनी, उपासना कधी न चुकवणारा. मंडळीत एक संसार उभा राहत असेल तर त्यांनाही तो हवाच होता. त्यांनी सत्यभामेला ओसरीवर बोलावलं. मागोमाग माणिकबाई आलीच.

"बाई, सूर्यभान चांगला माणूस आहे. त्याच्या घरी जायला तुझी हरकत काय?"

"भाऊ हाये तो माया."

"ऐका हिचं! अगं, आपण सगळेच प्रभूमध्ये भाऊबहीण. म्हणून मंडळीत लग्नं व्हायची थांबलीत का?"

"पाहा ना गुरुजी!" सूर्यभान रडकुंडीला आला होता. "किती समजावू? सारे नावाले म्हनतेत तसं. हे मनाले लावून बसली. मी तं आता हातच टेकले."

सत्यभामेनं त्याच्याकडे पाहिलं नाही. ती खुशालरावांकडे वळली.

"आज तुमीच सांगतलं, हे नातं रक्तावून खरं हाये म्हनून. ते नावालेच होतं काय?"

खुशालराव गडबडले. सकाळचा उपदेश असा दुपारीच अंगावर येईल, असं त्यांना वाटलं नव्हतं.

"छे छे, नावाला कसं? खरंच आहे ते नातं."

"मंग भाऊ बहिनीवर हात उचलते का?"

"भलतंच! कुठला भाऊ असं करील?"

"म्हनूनच त्याले भाऊ म्हनते," सत्यभामा शांतपणे म्हणाली. "तो माया नवरा होता, तवा रोज उचलत होता."