चांगल्या कंपनीचा फिल्टर

जीपवाला करीम बायकोला, जोहराला, डायलिसिससाठी लातूरला घेऊन आला होता. तिचा नंबर यायला वेळ होता, म्हणून तो शिवप्पाच्या दुकानात जीपसाठी ऑइल फिल्टर घ्यायला गेला. तीन कंपन्यांचे फिल्टर त्यानं उलटून-पालटून पाहिले. मग हळूच विचारलं, "जुनाच धुऊन लावला तर?"

"करीमभाई, फिल्टर कुठं धुऊन लावतेत का? इंजिनाचा जीव घ्यायचाय का?"

करीमनं त्यातला सगळ्यात चांगला घेतला.

तो दवाखान्यात परतला, तेव्हा नर्स जोहराच्या मशीनला रक्त गाळायचा फिल्टर जोडत होती. "मागच्या बारीचाच हाय चाचा, धुऊन ठेवलेला. अजून लई चालतोय."

करीमनं मान हलवली.


कंपनी कोणती, एवढंही त्याला विचारता आलं नाही.