अर्धा कोयता

‘अर्धा कोयता’ हे विरहगीत गायक तानाजी यांना पुण्याच्या स्टुडिओत शब्दांसह, चालीसह स्फुरले, असे कंपनीचे प्रसिद्धिपत्रक सांगते. प्रत्यक्षात ते शिरूर कासारच्या जाईबाईंनी नवऱ्याच्या पश्चात उसाच्या फडात रचले. पत्रकात त्यांचे नावही नाही. ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी एक कोयता म्हणून मोजतात. एकटी उरलेली बाई अर्धा.

बीडच्या प्रकाशन सोहळ्यात जाईबाईंची लेक विजयमाला उठली. “तानाजीभाऊ, अर्धा कोयता म्हंजी काय हो?”

“मोडका कोयता, ताई!” कविराजांनी उदारपणे समजावले.

“आन् मोडक्या कोयत्यापायी बाई एवढी रडती कावून?”

कविराजांच्या स्फूर्तीचा उगम, त्यांच्याच शब्दांत:

 

“मला काय ठाव? म्हातारी तसंच गायलती!”